औताचा घसारा धरता, मग औत हाकणाऱ्याचा का नाही?



शहरात शेतीचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानावर येते : "तुम्हाला काय, इन्कम टॅक्स नाही!" पाठोपाठ दुसरे येते : "शेतकरी बचत करत नाही, आलेला पैसा लग्नात उडवतो आणि म्हातारपणी सरकारच्या दारात उभा राहतो." ही दोन वाक्ये आता इतकी मुरली आहेत की आपल्यातलीच पोरे ती ऐकून मान खाली घालतात. जिल्हा बैठकीच्या निमित्ताने या दोन्हींचा हिशेब एकदा कागदावर मांडावा, म्हणून हा लेख. येवला, नांदगाव, मालेगाव, सिन्नर भागातल्या कोरडवाहू कापूस आणि ज्वारीवाल्यांनी तो पारावर वाचावा, आकडे स्वतः ताडून पाहावेत आणि मगच ठरावाला हात वर करावा.

हिशेबात कोण धरला, कोण सुटला

आम्ही शेतीची पदवी घेतली. उत्पादन खर्च कसा काढतात ते परीक्षेपुरते शिकलो आणि संघटनेच्या कामात आल्यावर खऱ्या अर्थाने समजून घेतले. केंद्राचा कृषिमूल्य आयोग खर्च काढतो तेव्हा बियाणे, खत, औषध, मजुरी, बैलकाम, पाणी, खेळत्या भांडवलाचे व्याज धरतो. अवजारांचा आणि शेतातल्या बांधकामाचा घसाराही धरतो. वखर झिजतो, पाभर मोडते, कधीतरी नवी घ्यावी लागणार, म्हणून दरवर्षी त्यातला थोडा भाग खर्चात टाकायचा. रीत बरोबर आहे, कोणताही कारखाना तसेच करतो.

आता औत हाकणाऱ्याकडे या. त्याचे आणि त्याच्या बायकोचे श्रम 'घरच्या माणसांची मजुरी' म्हणून धरले जातात. दर कोणता? गावातल्या रोजंदारीचा. म्हणजे सगळा धोका अंगावर घेणारा, पेरणी कधी करायची हे ठरवणारा, दुबार पेरणीला कर्ज काढणारा मालक सरकारी कागदावर रोजंदारीवरचा माणूस ठरतो. त्या रोजात म्हातारपणाची तरतूद नाही, आजारपणाची नाही, रजेची नाही. पाभर झिजते हे सरकारला दिसते. पाभरीमागे तीस-चाळीस पावसाळे चालणाऱ्याचे गुडघे झिजतात, ते दिसत नाही.

२०२५-२६ च्या हंगामात मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव ७,७१० रुपये जाहीर झाला. आयोगाने धरलेला खर्च ५,१४० रुपये, त्यावर ५० टक्के वाढवून हा भाव निघाला. संकरित ज्वारीचा खर्च २,४६६ आणि भाव ३,६९९ रुपये. "बघा, दीडपट दिला," असे सांगितले जाते. पण ज्याची दीडपट केली त्या खर्चात स्वतःच्या जमिनीचा खंड नाही, स्वतःच्या भांडवलाचे व्याज नाही आणि माणसाचा घसारा तर कुठल्याच व्याख्येत नाही. अपुऱ्या आकड्याची दीडपटही अपुरीच निघणार.

कारखान्यातल्या कामगाराच्या भविष्य निर्वाह निधीत पगाराच्या १२ टक्के तो स्वतः भरतो आणि १२ टक्के मालक भरतो. मालक ती रक्कम कुठून आणतो? मालाच्या किमतीतून. साबणाची वडी, ट्रॅक्टरचा टायर, युरियाचे पोते घेताना आपण कामगाराच्या म्हातारपणाचा वाटा भरत असतो. त्याबद्दल तक्रार नाही. प्रश्न एवढाच की आपला कापूस घेणारा आपल्या म्हातारपणाचा वाटा का भरत नाही?

समजा पाच एकर कोरडवाहू कापूस आहे. नवरा-बायकोचे मिळून वर्षाला २०० दिवस, रोज ४०० रुपये. मजुरी झाली ८०,००० रुपये. तिच्यावर मालकाचा १२ टक्के वाटा ९,६०० रुपये. एकरी चार क्विंटलने २० क्विंटल कापूस धरला तर क्विंटलमागे ४८० रुपये. एवढी रक्कम भावात मिळाली असती आणि ७ टक्क्यांनी तीस वर्षे साठवली असती तर नऊ लाखांवर गेली असती. हे पैसे आपण उडवले नाहीत. ते आपल्या हातात कधी आलेच नाहीत.

पावती न मिळणारी कपात

आता इन्कम टॅक्सचे बघू. आयकर कायद्याने शेतीचे उत्पन्न करमुक्त ठेवले आहे, हे खरे. १९७२ साली के. एन. राज समितीने जमीनधारणेवर कर लावण्याची शिफारस केली होती, ती अमलात आली नाही. मात्र शेतीबाहेरचे उत्पन्न करपात्र मर्यादेपुढे गेले आणि शेतीचे उत्पन्न ५,००० रुपयांहून जास्त असले, तर दर ठरवण्यासाठी शेतीचे उत्पन्न हिशेबात घेतातच. हे फार थोड्यांना माहीत असते.

पण खरी कपात दुसरीकडे होते. ओईसीडी ही श्रीमंत देशांची संस्था आणि दिल्लीची इक्रिअर यांनी २०१८ साली भारतीय शेतीधोरणाचा अहवाल काढला. खते, वीज, पाणी यांवरची सबसिडी एका बाजूला आणि निर्यातबंदी, साठेबंदी, बाजारावरची बंधने यांनी पाडलेले भाव दुसऱ्या बाजूला, अशी बेरीज-वजाबाकी त्यांनी केली. उत्तर आले उणे. २००० ते २०१६ या काळात सरासरी शेतीच्या ढोबळ उत्पन्नाच्या सुमारे १४ टक्के उणे. म्हणजे एका हाताने दिले त्याहून जास्त दुसऱ्या हाताने काढून घेतले. शेतकरी चळवळ हे पूर्वीपासून सांगत होती, तेव्हा तिला आडमुठी म्हणत.

नोकरदाराचा कर कापला तर त्याला सर्टिफिकेट मिळते. जास्त कापला असेल तर परतही मिळतो. आपली कपात भावातच होते. तिला पावती नाही, परतावा नाही, आणि वर "तुम्ही कर भरत नाही" हे ऐकून घ्यावे लागते. २०२५ सालचेच उदाहरण घ्या. कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क १९ ऑगस्टपासून काढले. आधी ३० सप्टेंबरपर्यंत म्हटले, मग मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. आपला कापूस घरात येण्याचे दिवस नेमके तेच. लासलगावच्या कांदेवाल्यांनी डिसेंबर २०२३ ते मे २०२४ निर्यातबंदीत हेच सोसले.

देशातल्या शेतकरी कुटुंबांची पाहणी सरकारनेच केली. २०१८-१९ साली महिन्याचे सरासरी उत्पन्न १०,२१८ रुपये, त्यात पिकांपासूनचे ३,७९८. सरासरी कर्ज ७४,१२१. यातून बचत कशी करायची, ते उपदेश करणाऱ्यांनी एकदा करून दाखवावे.

बचत केली, तिचे काय झाले?

शेतकरी बचत करत नाही हे तर साफ खोटे. आजोबांच्या काळी पेवातला जोंधळा ही बचत होती, दावणीची कालवड ही बचत होती, बायकोच्या गळ्यातले डोरले ही अडल्या वेळेची बँक होती. विहीर खोदली तीही बचतच. पण जी बचत आपण नोटांच्या रूपात दुसऱ्याच्या हाती दिली, तिची कथा ऐकण्यासारखी आहे.

पहिली कथा कापसाची. १९७२ सालापासून राज्यात कापूस एकाधिकार खरेदी योजना चालली. कापूस सरकारी यंत्रणेलाच द्यायचा, राज्याबाहेर न्यायचा नाही. या योजनेत कापसाच्या रकमेतून १०० रुपयांमागे ३ रुपये 'भांडवल निधी' म्हणून कापले जात. ही सक्तीची बचत होती. कुणी विचारले नाही, कुणी खातेपुस्तक हातात दिले नाही. एकाधिकार मोडला, खासगी खरेदी सुरू झाली, तरी निधीसाठी हेलपाटे चालूच राहिले. शेवटी डिसेंबर २००५ मध्ये, विदर्भात आत्महत्यांचा आकडा लपवता येईना तेव्हा, राज्य सरकारने १,०७५ कोटींचे पॅकेज जाहीर केले. त्या पॅकेजमध्ये याच भांडवल निधीची परतफेड मोजलेली होती. आपलेच कापून ठेवलेले पैसे आपल्याला मदत म्हणून परत! नोकरदाराचा भविष्य निर्वाह निधी त्याला 'मदत पॅकेज' म्हणून देऊन बघा, मंत्रालयासमोर काय होते ते कळेल.

दुसरी कथा आपल्या जिल्ह्याची. नाशिक जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक म्हणजे सोसायटीची बँक. पीककर्ज तिथले, ठेव तिथली, मास्तरांचा पगारही तिथला. थकीत कर्जाने ती आधीच वाकली होती. नोव्हेंबर २०१६ मध्ये नोटबंदी आली. १४ नोव्हेंबरला रिझर्व्ह बँकेने जिल्हा बँकांना जुन्या नोटा घेण्यास बंदी केली. तोवर घेतलेल्या नोटा तिजोरीत पडून राहिल्या, त्या भरून घेण्याची परवानगी जून २०१७ मध्ये मिळाली. मधल्या काळात ठेवीदाराला स्वतःचे पैसे काढता येईनात. पोरीच्या लग्नासाठी ठेवलेले, दवाखान्यासाठी ठेवलेले, सगळे कागदावर. पुढे बँकेवर प्रशासक आले आणि थकबाकीदारांना जमीन-जप्तीच्या नोटिसा निघाल्या. एका खिडकीवर शेतकरी घेणेकरी, त्याला थांबा म्हणतात. शेजारच्या खिडकीवर तोच शेतकरी देणेकरी, त्याला उद्या लिलाव म्हणतात.

ठेवविमा आहे ना, असे कुणी म्हणेल. आहे. १९९३ पासून एक लाखापर्यंत होता, फेब्रुवारी २०२० पासून पाच लाखांपर्यंत झाला. पण रिझर्व्ह बँकेने बँकेवर निर्बंध घातले किंवा परवाना रद्द केला तरच तो मिळतो. बँक चालू आहे आणि फक्त पैसे देत नाही, अशा ठेवीदाराला विम्याचा उपयोग नाही. पतसंस्थेतल्या ठेवीला तर हा विमाच नाही. दोन टक्के जादा व्याजासाठी पतसंस्थेत पैसे ठेवणाऱ्या प्रत्येकाने ही ओळ दोनदा वाचावी.

यातून घाबरलेला माणूस एजंटाच्या हाती लागतो. पर्ल्स कंपनीने शेतजमिनीच्या नावावर देशभरातून पैसे गोळा केले. सेबीने ऑगस्ट २०१४ मध्ये सुमारे ४९,१०० कोटी परत करण्याचा आदेश दिला, गुंतवणूकदार साडेपाच कोटींच्या पुढे. २०१६ साली सुप्रीम कोर्टाला परताव्यासाठी निवृत्त सरन्यायाधीश लोढांची समिती नेमावी लागली. एजंट आपल्याच नात्यातला असतो, हे या धंद्याचे खरे भांडवल.

तीन हजारांची पेन्शन : कुणाला परवडते?

सप्टेंबर २०१९ मध्ये प्रधानमंत्री किसान मानधन योजना आली. दोन हेक्टरपर्यंत जमीन, वय १८ ते ४०. वयाप्रमाणे महिना ५५ ते २०० रुपये आपण भरायचे, तेवढेच केंद्र भरते. साठ वर्षे पूर्ण झाली की महिना ३,००० रुपये, मागे राहिलेल्या जोडीदाराला निम्मे. नवरा-बायको दोघेही स्वतंत्र हप्ते भरू शकतात. सरकारी म्हणून नाक मुरडायचे नाही आणि फुकटची म्हणून धावायचेही नाही. हिशेब करू.

अठरा वर्षांचा पोरगा महिना ५५ भरतो, केंद्राचे ५५, मिळून ११०. बेचाळीस वर्षे ८ टक्क्यांनी साठवले तर साडेचार लाखांच्या आसपास होतात. साडेचार लाखांचे ८ टक्के वर्षाला ३६,०००, म्हणजे महिना ३,०००. पेन्शन नुसत्या व्याजातून निघाली, मुद्दल तशीच राहिली. ती कुणाची? दोघेही गेल्यावर ती पेन्शन फंडात जमा होते, वारसाला नाही. दहा वर्षांच्या आत सोडले तर आपला भरणा बचत खात्याच्या व्याजाने परत, केंद्राचा वाटा गेला. दुष्काळात हप्ता चुकला तर थकबाकी व्याजासह भरायची. आणि मुख्य गोष्ट : ३,००० हा आकडा कायमचा. महागाई ६ टक्के धरली तर बेचाळीस वर्षांनंतरच्या ३,००० ची आजची किंमत सुमारे २६० रुपये.

चाळिशीच्या माणसाचा हिशेब वेगळा. तो २०० भरतो, केंद्र २००. वीस वर्षांत ८ टक्क्यांनी दोन लाख ३५ हजार होतात. त्यांचे व्याज महिना दीड हजाराच्या थोडे पुढे, पेन्शन ३,०००. म्हणजे इथे केंद्र खरोखर काही पदरचे घालते. ६ टक्के महागाईने तेव्हाच्या ३,००० ची आजची किंमत ९३५ रुपये होते, तरी भरलेल्या पैशाच्या मानाने सौदा वाईट नाही. पस्तिशी ओलांडलेल्यांनी घ्यावी, असे आम्ही सांगतो. विशीतल्या पोरांनी आधी हा हिशेब वाचावा.

आता शेजारी बघा. १ एप्रिल २०२५ पासून केंद्राच्या नोकरदारांसाठी नवी एकत्रित पेन्शन योजना लागू झाली. पंचवीस वर्षे नोकरी केली तर शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ पगाराच्या निम्मी पेन्शन. दहा वर्षे नोकरी असेल तरी किमान १०,०००. वर महागाई भत्ता. मार्च २०२३ मध्ये राज्यातल्या कर्मचाऱ्यांनी जुन्या पेन्शनसाठी सात दिवस संप केला. त्यांच्या पेन्शनशी आमचे भांडण नाही, आमच्या कित्येकांची पोरे तिथे आहेत. पण त्यांच्या म्हातारपणाला महागाई लागते आणि आमच्या नाही, हे गणित कुठल्या शाळेत शिकवतात? ज्याच्याकडे काहीच नाही त्याला श्रावणबाळ योजनेत ६५ नंतर महिना १,५००, तेही वर्षाचे उत्पन्न २१,००० च्या आत दाखवले तर. केंद्राच्या वृद्धापकाळ निवृत्तिवेतनाचा ८० वर्षांखालील वाटा २०० रुपयांवर कैक वर्षांपासून अडकलेला आहे.

ठेवीच्या व्याजावर कात्री

करसवलतीच्या योजना कुणासाठी असतात तेही पाहू. १९८८ साली 'किसान विकास पत्र' निघाले. नाव किसानाचे. २०११ मध्ये बंद झाले, २०१४ मध्ये पुन्हा आले. त्याचे व्याज करपात्र. पगारदार ज्यात पैसे टाकतो त्या भविष्य निर्वाह निधीचे व्याज मात्र ठरावीक मर्यादेपर्यंत करमुक्त. ज्याला करच लागत नाही त्याला करसवलतीचा फायदा शून्य, हे उघड आहे. म्हणजे बचतीला सरकार जे उत्तेजन देते ते वरच्यांच्याच ताटात पडते.

समृद्धी महामार्गाला सिन्नर, इगतपुरीत जमिनी गेल्या. जमीन होती तोवर तिचे उत्पन्न करमुक्त होते. तिचे पैसे होऊन बँकेत पडले की व्याज करपात्र. २०२५-२६ पासून नव्या करपद्धतीत बारा लाखांच्या उत्पन्नापर्यंत कर शून्य आहे, त्यामुळे बहुतेकांना प्रत्यक्षात कर लागत नाही. तरी कपात होते. एप्रिल २०२५ पासून बँकेतले वर्षाचे व्याज ५०,००० च्या पुढे, ज्येष्ठांचे एक लाखाच्या पुढे गेले की बँक १० टक्के कापते. पॅन दिलेला नसेल तर २० टक्के. नियमात बसत असाल तर वर्षाच्या सुरुवातीलाच बँकेत स्वयंघोषणेचा फॉर्म द्या, म्हणजे कपात होत नाही. झालीच असेल तर विवरणपत्र भरून पैसे परत मागा. कर देणे नसताना कापलेला पैसा सोडून देणे हा अडाणीपणा आपण आता करायचा नाही.

ठराव आणि काम

जिल्हा बैठकीपुढे आम्ही या मागण्या ठेवत आहोत :

१. उत्पादन खर्चात घरच्या माणसांच्या मजुरीवर किमान १२ टक्के म्हातारपणाची तरतूद धरावी आणि हमीभाव पूर्ण खर्चावर काढावा.

२. किसान मानधनाची पेन्शन महागाईशी जोडावी, शिल्लक मुद्दल वारसाला द्यावी, चाळिशीची अट उठवावी. आज जो पन्नाशीत आहे त्याने चाळीस पावसाळे काढले, त्यालाच दाराबाहेर ठेवले आहे.

३. जिल्हा बँकेतल्या शेतकऱ्याच्या ठेवी देण्याचे वेळापत्रक जाहीर करावे. ज्याची ठेव बँकेत अडकली आहे, त्याच्या कर्जातून ती आधी वजा करावी, मग वसुलीचे बोलावे.

४. पतसंस्थांतल्या ठेवींना विम्याचे संरक्षण द्यावे.

५. माल निघण्याच्या तोंडावर आयात-निर्यातीचे नियम बदलून भाव पाडू नयेत. पाडलेच तर तो शेतकऱ्यावरचा कर समजावा आणि त्याची भरपाई द्यावी.

मागणी करून घरी बसायचे नाही. बैठकीला येताना प्रत्येक गावाने तीन याद्या आणाव्यात. जिल्हा बँकेत अडकलेल्या ठेवी : नाव, रक्कम, ठेवीची तारीख. मानधन योजनेचे हप्ते भरणारे : वय, भरलेली रक्कम, कार्ड मिळाले की नाही. व्याजातून कर कापला गेलेले : बँकेचे नाव आणि रक्कम. पासबुकाची झेरॉक्स जोडावी, मूळ पासबुक कुणाच्याही हातात देऊ नये, आमच्याही नाही. बायकांच्या नावावरच्या ठेवी आणि हप्ते वेगळे लिहावेत, ते पुरुषांच्या यादीत बुडवू नयेत.

या याद्यांची बेरीज झाली की जिल्ह्यातल्या शेतकऱ्याची बचत किती आणि ती कुणाकडे अडकली, हे पहिल्यांदा आपल्या हातात येईल. तो कागद घेऊनच पुढची बोलणी करायची.